अंगठा आपला, राखणही आपलीच

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी वाशीम जिल्ह्यात आले होते. पोहरादेवीच्या दर्शनानंतर आणि बंजारा विरासत संग्रहालयाच्या लोकार्पणानंतर त्यांनी किसान सन्मान योजनेचा अठरावा हप्ता वितरित केला. देशभरातील नऊ कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांत सुमारे २० हजार कोटी रुपये जमा झाले, आणि तेही मधल्या कोणा दलालाच्या हाताला न लागता. ज्या प्रदेशाने अनुदानाच्या कागदासाठी चपला झिजवणारा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाहिला, त्या प्रदेशाच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हती.

मात्र त्या दिवसाचा दुसराही एक अर्थ आहे. मानोरा, मालेगाव किंवा रिसोड तालुक्यातील ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कधी संगणकाला हात लावला नाही, तोही आज महाजालाचा नागरिक झालेला आहे. त्याचे नाव, आधार क्रमांक, बँक खाते, सातबारा, भ्रमणध्वनी क्रमांक आणि बोटांचे ठसे कुठे ना कुठे नोंदलेले आहेत. आपण या जगात शिरायचे की नाही, हा पर्याय आता त्याच्यापुढे उरलेला नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की या जगात सामान्य माणूस आपले धन आणि आपली खासगी माहिती राखू शकतो काय?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले उत्तर बेफिकिरीचे असते : ‘आमच्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?’ दुसरे हताशपणाचे असते : ‘सगळे केव्हाच गेले आहे, आता कुलूप लावून काय उपयोग?’ ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी वाटली तरी त्यांचा परिणाम एकच आहे. दोन्ही ऐकणारा माणूस हात बांधून बसतो आणि चोराचे काम सोपे होते. म्हणून या दोन्ही उत्तरांचा समाचार घेणे आवश्यक आहे.

‘लपवण्यासारखे काय आहे?’

गोपनीयता ही पाश्चात्त्यांकडून आयात केलेली चैन आहे, असा एक समज आपल्यातील काही मंडळी बाळगून असतात. आमची संस्कृती मोकळ्या ओसरीची, आमचे घर सर्वांना खुले, मग आम्हाला कसली गोपनीयता, असा त्यांचा सूर असतो. हे अर्धसत्य आहे. ओसरी सर्वांना खुली होती. परंतु माजघर नव्हते आणि तिजोरीची किल्ली तर नव्हतीच. कौटिल्याने अर्थशास्त्रात मंत्ररक्षणाचा विचार करताना पोपट-मैनेसारख्या पक्ष्यांकडून आणि कुत्र्यांकडूनही गुप्त मसलत फुटल्याचा दाखला दिला आहे. आजच्या प्रत्येक घरात असा एक पोपट खिशात बाळगला जातो. तो ऐकतो, पाहतो, आपण कुठे गेलो हे लक्षात ठेवतो आणि विचारणाऱ्याला सांगतोही. छत्रपती शिवाजी महाराजांचे स्वराज्य ज्या गुणांवर उभे राहिले, त्यांत बहिर्जी नाईकांच्या हेरखात्याची वाच्यता न होणारी शिस्त होती. तेव्हा राखून बोलणे, राखून देणे हा आपल्या परंपरेला परका विचार मुळीच नाही.

आणि लपवण्यासारखे काही नसते, हे तरी खरे आहे काय? सोयाबीन विकून पैसे केव्हा हाती आले, कोणत्या बँकेत ठेवले, मुलीचे लग्न कधी ठरले, घरातला कर्ता मुलगा पुण्याला नोकरीला असून घरी वृद्ध आईवडील एकटेच आहेत, या गोष्टींत लाजिरवाणे काहीच नाही. परंतु चोराला आपल्या पापांमध्ये रस नसून आपल्या वेळापत्रकात रस असतो. हप्ता जमा होण्याच्या सुमारास येणारा ‘केवायसी अपूर्ण आहे’ हा संदेश योगायोगाने येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. त्या पीठात नागपूरचे सुपुत्र न्यायमूर्ती शरद बोबडे हेही होते. मुंबई-दिल्लीच्या उच्चभ्रूंइतकाच हा हक्क कारंज्याच्या भाजीविक्रेत्याचाही आहे. किंबहुना त्याला तो अधिक हवा. कारण श्रीमंताचे ५० हजार गेले तर त्याची सहल रद्द होते, शेतकऱ्याचे ५० हजार गेले तर त्याची पेरणी बुडते.

चोराला आपलाच हात लागतो

आता दुसरे उत्तर पाहू. ‘सगळे गेलेच आहे’ असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक अदृश्य, सर्वज्ञ चोर असतो, जो दूर कुठेतरी बसून कळ दाबतो आणि आपले खाते रिकामे करतो. प्रत्यक्षात सामान्य माणसाची जी फसवणूक होते, तिची चिरफाड केली तर बहुतेक वेळा एक गोष्ट आढळते : शेवटचे दार आतून उघडले गेलेले असते.

एखाद्या गटावर शासकीय योजनेच्या नावाने एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती उघडली की भ्रमणध्वनीत एक नवे अ‍ॅप शिरते आणि संदेश वाचण्याची अनुमती मागते. आपण ‘होय’ म्हणतो. त्या क्षणापासून बँकेकडून येणारा ओटीपी आपल्याबरोबर चोरालाही दिसू लागतो. या साखळीत तीन कड्या आहेत : फाइल उघडणे, ती बसवणे आणि अनुमती देणे. तिन्ही आपल्या बोटाने घडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बनावट संकेतस्थळांपासून सावध राहण्याचे इशारे द्यावे लागले. भगिनींची चूक एवढीच, की शोधताना जे पहिले दिसले ते त्यांनी सरकारी मानले. शासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ असा संपतो, ही एक ओळ गावातील प्रत्येक बचत गटात पोहोचली असती तर अनेक सापळे रिकामेच राहिले असते.

तथाकथित ‘डिजिटल अटक’ हे तर भयाचे निव्वळ नाटक आहे. दूरचित्रसंवादावर गणवेशातील माणूस दिसतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे सांगतो आणि कोणालाही न सांगता पैसे पाठवायला भाग पाडतो. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक अस्तित्वात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याच विषयावर बोलून थांबा, विचार करा, मग कृती करा अशी त्रिसूत्री दिली. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. हे सर्व झाले तरी या नाटकाचा पडदा पाडण्याचे सामर्थ्य अखेरीस फोन बंद करणाऱ्या अंगठ्यातच आहे. या गुन्ह्यात निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक असे सुशिक्षित लोकही फसले आहेत. तेव्हा प्रश्न शिक्षणाचा नसून एकटेपणाचा आहे. ज्या घरात असा फोन येताच शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारली जाते, त्या घरात हे नाटक पहिल्याच अंकात संपते.

जेथे नागरिक खरोखर हतबल आहे

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. शेवटचे दार आतून उघडते, या वाक्याचा आधार घेऊन प्रत्येक बळीलाच दोषी ठरवणारा एक वर्ग आहे. ‘तुम्हीच ओटीपी दिला’ असे म्हणून फाइल बंद करणे कार्यालयांना सोयीचे असते. परंतु काही दारांच्या किल्ल्या नागरिकाकडे नसतातच.

आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण घ्या. आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी हे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव. २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात त्या ग्रामपंचायतीच्या नावे २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. ग्रामपंचायतीच्या लॉगिनचा गैरवापर झाला आणि पुढे विशेष तपास पथक नेमावे लागले. यात शेंदुरसनीच्या कोणत्या शेतकऱ्याने काय चूक केली होती? जन्माचा दाखला हे आधारपासून पारपत्रापर्यंतच्या प्रत्येक दाराचे पहिले कुलूप. ते एका गावाच्या संकेतांकाने उघडले जात असेल, तर हा केवळ आर्थिक गुन्हा राहत नाही. तो राष्ट्राच्या सुरक्षेचा प्रश्न होतो. ग्रामपंचायतीचा संकेतांक कागदावर लिहून भिंतीला चिकटवणारी, ‘तूच टाकून घे’ म्हणून तो कोणालाही सांगणारी कार्यपद्धती आपल्या कार्यालयांत कुठे ना कुठे सर्वांनी पाहिलेली आहे. सीमेवरील चौकी जितक्या गांभीर्याने राखली जाते, तितक्याच गांभीर्याने आता ग्रामपंचायतीचा संगणक राखला गेला पाहिजे.

दुसरे उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे. ऑगस्ट २०१८ मध्ये अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून पैसे काढून आणि पुढे परदेशी खात्यात रक्कम वळवून या बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. तो हल्ला बँकेच्या यंत्रणेवर होता. कोणा ग्राहकाने आपला पिन कितीही जपला असता, तरी तो टळला नसता.

तिसरे उदाहरण अंगठ्याचे. गावोगावच्या ग्राहक सेवा केंद्रांत आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे मिळतात. वृद्धांसाठी ही सोय वरदान आहे. परंतु काही राज्यांत नोंदणीकृत दस्तांवरील ठसे उचलून सिलिकॉनचे नकली अंगठे बनवल्याचे प्रकार घडले. संकेतांक फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. आधार प्राधिकरणाने २०२३ मध्ये ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे तपासणारी नवी यंत्रणा आणली, हे स्वागतार्ह. तथापि दस्तांवरील ठसे आणि आधार क्रमांक झाकून ठेवणे ही नोंदणी यंत्रणेची जबाबदारी आहे, ती शेतकऱ्यावर ढकलता येणार नाही.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १८७५ साली पुणे-नगर भागात सुप्यापासून शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा लोकांनी सावकारांकडील कर्जरोखे जाळले. ज्या कागदावर आपण निशाणी केली त्यात काय लिहिले आहे हे त्या निरक्षर कुणब्याला ठाऊक नसे. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि शेतकऱ्याचे रोखे गावच्या निबंधकासमोर नोंदवण्याची तरतूद झाली. शेतकऱ्याला ‘तू वाचायला शिक’ एवढेच सांगून तेव्हाही भागले नाही. कागद करणाऱ्यालाही बांधावे लागले. आजचा कर्जरोखा पडद्यावर येतो आणि त्यावरील ‘मी सहमत आहे’ ही नवी निशाणी आहे.

नवे टोपीकर

हे ‘मी सहमत आहे’ आपण सर्वाधिक वेळा कोणाला म्हणतो? परदेशी कंपन्यांना. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी इशारा दिला होता, की हे इतर सावकारांसारखे साधे व्यापारी नव्हेत; त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांना जागा देताना सावध राहावे. तीन शतकांपूर्वीचा हा इशारा आजही तितकाच ताजा आहे. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतीयांपुढे नवे धोरण ठेवले : माहिती वाटून घेण्यास मान्यता द्या, नाहीतर सेवा सोडा. युरोपातील वापरकर्त्यांना मात्र तेथील कायद्यामुळे वेगळे संरक्षण होते. आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच प्रकरणी मेटा कंपनीला २१३ कोटींचा दंड केला. युरोपीयाचा खासगीपणा सोन्याचा आणि भारतीयाचा मातीचा, असा हा व्यवहार होता. गलवानच्या संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घालून भारताने दाखवून दिले, की सार्वभौम राष्ट्र मनात आणील तर दार बंद करू शकते. स्वदेशीचा आग्रह हा येथे भावनेचा विषय नसून सुरक्षेचा विषय आहे. मात्र स्वदेशी म्हटले की सर्व माफ, असेही नव्हे. स्वदेशी कंपनीलाही तीच कसोटी लागली पाहिजे.

कायदा आता आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि माहितीची राखण न करणाऱ्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याची मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. हा कायदा कागदावर राहू नये यासाठी तक्रार करणारा नागरिक हवा. त्यातील सवलतींचा आडोसा घेऊन शासकीय कार्यालयांनी ढिलाई करू नये, असे म्हणणे हा राष्ट्रविरोध नव्हे. ते राष्ट्रहितच आहे.

रोखीकडे परतणे हा उपाय नव्हे

काही पुरोगामी पंडित या सर्व उदाहरणांवरून भलताच निष्कर्ष काढतात. त्यांच्या मते डिजिटल भारताचा प्रयोगच गरिबांवर लादलेला आहे, म्हणून तो गुंडाळावा. या मंडळींना दलालांच्या राज्याची आठवण उरलेली नाही. चोर घरात शिरतो म्हणून कोणी घर पाडत नाही; कडी बसवतो. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशवासीयांचे २२ हजार ८४५ कोटी रुपये गेल्याची आकडेवारी केंद्र सरकारनेच संसदेत दिली. किसान सन्मानच्या त्या एका हप्त्याहून ही रक्कम मोठी आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या दाराने निघून जात असेल, तर ते दार बंद करणे हेच योजनेवरील खरे प्रेम होय.

शाखेने आणि घराने काय करावे

सामान्य माणूस एकटा आपली राखण पूर्णपणे करू शकत नाही. संघटित समाज मात्र बऱ्याच अंशी करू शकतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. रात्रीच्या गस्तीने गाव राखणारा आपला समाज आहे. ही गस्त आता नव्या वेशीवर घालायची आहे.

प्रत्येक घरात एक नियम असावा : पैसे, ओटीपी किंवा अटकेची भाषा करणारा फोन आला की तो ठेवायचा आणि घरातील दुसऱ्या माणसाशी बोलूनच पुढे जायचे. संदेशातून आलेली एपीके फाइल उघडायची नाही, मग ती सख्ख्या भावाकडून आलेली असो. भावाचाही फोन चोराच्या ताब्यात असू शकतो. आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात आणि गरजेपुरते उघडता येतात. छायाप्रत मागितली जाते तेथे शेवटचे चारच अंक दिसणारे आधार चालते का, हे आधी विचारावे. ‘संचार साथी’वर आपल्या नावे किती सिमकार्डे आहेत ते पाहता येते. काही हजारांच्या मोबदल्यात आपले बँक खाते कोणाला वापरायला देणारा तरुण हा चोरीचा भागीदार असतो, हे महाविद्यालयांत स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. लुटीचा पैसा वाहून नेणारे पाट अशाच खात्यांचे असतात.

आणि फसवणूक झालीच, तर लाज गिळून तत्काळ १९३० हा क्रमांक फिरवावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. पहिल्या तासाभरात तो अडवता येण्याची शक्यता अधिक, दुसऱ्या दिवशी ती फारच थोडी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे तत्त्व घालून दिले, की ग्राहकाची चूक नसताना त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तोटा त्याच्या माथी येत नाही. आणि चूक त्याची असली तरी कळवल्यानंतर होणारा तोटा बँकेचा असतो. हे किती खातेदारांना ठाऊक आहे? बँकेच्या दर्शनी भागात ते मराठीत लावलेले आहे काय, एवढी चौकशी तरी कार्यकर्त्यांनी आपापल्या शाखेत जाऊन करावी.

कार्यकर्त्यांनी स्वतःकडेही पाहावे. सेवाकार्य, शिबिरे, सदस्यनोंदणी यांसाठी आपण लोकांचे क्रमांक घेतो, आधारच्या छायाप्रती जमवतो आणि पुढे ते कागद कपाटावर धूळ खात पडतात किंवा एखाद्या गटावर फिरतात. जे आवश्यक नाही ते मागू नये, जे मागितले ते राखावे, आणि काम संपल्यावर नष्ट करावे. वृद्धाला मदत करताना त्याचा पिन आपण टाकू नये, त्यालाच टाकायला शिकवावे. समाजाचा विश्वास हीच ज्यांची शिदोरी आहे, त्यांनी परक्याची माहिती परक्याच्या धनासारखी मानली पाहिजे.

वाशीम ही प्राचीन वत्सगुल्म नगरी, वाकाटकांची राजधानी. नीती आयोगाने २०१८ मध्ये तिच्या जिल्ह्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतले. मागासलेपणाचा तो शिक्का पुसण्यासाठी रस्ते हवेत, सिंचन हवे, तसे हेही हवे, की येथील शेवटच्या माणसाच्या खात्यात आलेला रुपया त्याच्याच हाताने खर्च व्हावा. महाजालातील चोर आपल्यापेक्षा हुशार असेलही. परंतु त्याला एकटा माणूस लागतो. आपण कोणालाही एकटे राहू दिले नाही, तर त्याची हुशारी दाराबाहेरच उभी राहील.